टोपीवरचा गेरू

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, एका बुधवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास, दिलावर मिस्त्री यांनी बारामती एमआयडीसीच्या कडेच्या आपल्या शेडमध्ये एका मोटारीच्या आतले सहा लोखंडी पाइप ग्राइंडरने कापून काढले. गाडी त्यांची नव्हती. परवानगी त्यांनी कोणाकडे मागितली नव्हती. ते पाइप काही महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःच बनवून बसवले होते. मी तिथे हजर होतो.

मिस्त्री तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. मूळचे अंथुर्ण्याचे. वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवत. मुलाने वेल्डिंग शिकून बारामतीत शेड टाकली आणि उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करण्यात आयुष्य काढले. पोट ट्रॉल्यांवर चालायचे, नाव मात्र दुसऱ्या कामाने झाले. शर्यतीच्या गाड्यांना आतून जाड पाइपांची चौकट बसवतात. गाडी उलटली तरी टप आत बसू नये, चालवणाऱ्यापुरती जागा शाबूत राहावी, एवढ्यासाठी. तिला रोल केज म्हणतात. हौशी पोरे पिंजरा म्हणत. मिस्त्रींना तो शब्द चालत नसे. "पिंजरा जनावराला," ते म्हणत. "ही हाडं हायेत. गाडीला बाहीरनं कातडं असतंय, आतनं मी हाडं घालतो." पुणे, सातारा, कोल्हापूरहून लोक त्यांच्याकडे हाडे घालून घ्यायला येत.

मी तेव्हा एका दैनिकाच्या बारामती कार्यालयात होतो. या कामावर एक मजकूर करावा म्हणून पहिल्यांदा शेडवर गेलो आणि त्यांच्या उजव्या बाजूच्या स्टुलावर बसून प्रश्न विचारू लागलो. तीन प्रश्न झाले तरी उत्तर नाही. चौथ्याला त्यांनी मान वळवली. "हिकडं या, पत्रकार. तिकडचं ऑफिस बंद हाय." उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नव्हते. कानाच्या वर, केसांत घुसलेली एक पांढरी रेघ होती.

मग त्यांनी उजव्या हाताची दोन बोटे मुडपून शेजारच्या गाडीतल्या पाइपावर टकटक केली आणि त्याच बोटांनी माझ्या डोक्यावर केली. "आवाज वेगळा येतोय का?" मी हो म्हणालो. "मंग ह्या दोघांची गाठ पडू द्यायची न्हाय. माझं सगळं काम एवढंच." ही टकटक ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोक्यावर करत. डॉक्टर असो, बिल्डर असो, पोलीस खात्यातला कोणी असो. एकाही गिऱ्हाइकाने हरकत घेतल्याचे मी पाहिले नाही.

त्यानंतर त्यांनी खुंटीवरची पांढरी टोपी काढून मला दिली. साधी, कडक इस्त्रीची, आपल्याकडे म्हातारी माणसे रोज घालतात तीच. बारामतीच्या बाजारातून ते अशा टोप्या गठ्ठ्याने आणत. मला त्या शेजारच्या गाडीत बसवले, नेहमीचा पट्टा लावायला सांगितला आणि डब्यात कालवलेला ओला गेरू घेऊन माझ्या डोक्याभोवतीच्या सगळ्या पाइपांना जाड हाताने फासला. शेडसमोर थोडासा उतार होता. उताराच्या तळाशी ट्रॉलीची दोन जुनी टायरे बांधून ठेवलेली होती. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली गेली आणि माणूस चालतो तेवढ्या वेगाने टायरांवर जाऊन आदळली. गाडीला ओरखडा आला नाही. मी उतरलो तेव्हा टोपीच्या उजव्या अंगाला, कानशिलाच्या वर, रुपयाएवढा तांबडा डाग होता.

"हा तुमचा फोटो," मिस्त्री म्हणाले. "घरी न्या."

आतून त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी म्हणाल्या, "नेऊ द्या खरंच. माझ्याकडनं गेरू निघत न्हाय. आधीच पाच टोप्या भिजत घातल्यात."

ही रीत त्यांनी कशी काढली, हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितले. पहिला पूर्ण केज त्यांनी पुण्याच्या एका हौशी माणसासाठी केला होता. काम झाल्यावर गाडी पळवून बघायला ते मोरगावच्या रस्त्याला गेले. अंगावर गाडीचा नेहमीचा पट्टा, डोके उघडे. गावाच्या अलीकडे एक बकरी आडवी आली. त्यांनी ब्रेक मारला, गाडी घसरून रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगाला अंगाने टेकली. "बकरीला काय झालं न्हाय," ते सांगत. "गाडीला काय झालं न्हाय. बंपर बी शाबूत. मला बारा टाकं आन् हा कान गेला. ज्या पाइपानं घेतला तो मी सोताच्या हातानं वाकवला हुता. लई सुबक वाकवला हुता."

पुढे ते प्रत्येकाला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिले. शर्यतीत चालवणारा माणूस खोल सीटमध्ये पाच-सहा पट्ट्यांनी जखडलेला असतो आणि डोक्यात हेल्मेट असते. त्यामुळे डोके पाइपापर्यंत पोहोचतच नाही, पोहोचले तर हेल्मेट मार खाते. रस्त्यावर तोच माणूस साधा पट्टा लावून, उघड्या डोक्याने बसतो. साधा पट्टा झटक्यात आधी थोडा सैल सुटतो. तेवढ्यात डोके हातभर फिरून येते आणि त्या हातभराच्या आत पाइप असतो. "पाइप, सीट, पट्टा, हेल्मेट. चौघं एका घरातली. तिघं आली आन् एक मागं राह्यलं, की भांडण डोक्याशी."

पाइपाला गुंडाळायचा फोमही ते पारखून घेत. अंगठा जोराने दाबला तर जेमतेम दबेल, असा कडक. कोणी एसीच्या नळ्यांवरचा मऊ काळा फोम घेऊन आला तर तो परत करत. "ही उशी हाय. झोपायला घ्या." कडक फोम लावल्यावरही रस्त्यावर उघड्या डोक्याने पूर्ण केज त्यांना मान्य नव्हता. "फोमनं टाकं कमी पडतील. डोकं तेच हाय." पाण्याच्या नळाचा, लांबीभर जोड असलेला पाइप वापरायला सांगणाऱ्याला ते चहा पाजून वाटेला लावत. केजच्या पायांखाली तळहातापेक्षा मोठी लोखंडी पाटी घातल्याशिवाय पाय टेकवत नसत, कारण गाडीच्या तळाचा पत्रा, त्यांच्या भाषेत, पापड असतो. आणि परिवहन कार्यालयाचा कागद आणि विमा कंपनीला दिलेल्या पत्राची प्रत पाहिल्याशिवाय ते पाइप वाकवायला घेत नसत. या अटींमुळे बरीच कामे परत जात. त्याची खंत त्यांनी माझ्याजवळ कधी बोलून दाखवली नाही.

सई त्यांच्याकडे आली ती बुधवारच्या घटनेच्या आठ-नऊ महिने आधी. इंदापूरजवळच्या एका गावातली, सव्वीस वर्षांची, एमआयडीसीतल्या एका दूध प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मुंबईच्या एका माणसाकडून तिने दोन सीटांची बुटकी, जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली होती. वर्षातून तीन-चारदा ती दक्षिणेतल्या ट्रॅकवर शर्यतीला जाई आणि एरवी त्याच गाडीने रोज कामावर येई.

"चाचा, पूर्ण केज करायचाय," ती म्हणाली.

"रोज रस्त्यावर चालवतीस न्हवं?"

"हो."

"मंग अर्धा. मागची कमान आन् तिचे टेकू. सीटच्या म्हागं. डोकं तितं पोचत न्हाय."

"तात्या म्हणतात, पूर्णच पाहिजे."

"गाडी कोण चालवणार, तात्या का तू?"

"मी."

"मंग टोपी घाल."

तात्या म्हणजे तिचे वडील, माणिकराव. ऊस बागायतदार, तालुक्यातल्या सहकारात वजन असलेले. सईच्या थोरल्या भावाचा काही वर्षांपूर्वी अपघाती मृत्यू झाला होता. कालव्याच्या वळणावर त्याची जीप उलटली आणि टप आत बसला. जीप सरळ केली तेव्हा माणिकराव तिथे होते. मुलीच्या गाडीत चहूबाजूंनी लोखंड असावे, या त्यांच्या आग्रहामागे हे कारण होते, आणि ते सगळ्यांना माहीत होते. मिस्त्रींनाही.

शेडमध्ये उभ्या असलेल्या एका केजवाल्या गाडीतून उतारावरून आल्यावर सईच्या टोपीवर दोन डाग पडले. ती म्हणाली, "मी हेल्मेट घालीन."

"रोज?"

"रोज."

"घालशील. आठ दिवस. मंग उन्हाळा येईल. आन् ते घालून, पट्ट्यांत आवळून बसलीस की मान किती वळती? कडंनं येणारी ट्रॉली दिसंल? एसटीचा हॉर्न ऐकू येईल? माझा तर एकच कान गेलाय, तू दोन्ही झाकून बसणार."

शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला आणि त्यावर ते खूश होते. केज दोन भागांत केला. मागची कमान आणि टेकू कायमचे. पुढचे सहा पाइप, म्हणजे काचेच्या दोन्ही अंगांनी उतरणारे पाय, काचेवरचा आणि डॅशबोर्डखालचा असे दोन आडवे, आणि दारांतले दोन तिरके, हे बोल्टांवर. बारा सांधे, चोवीस बोल्ट. ट्रॅकवर जायचे तेव्हा गाडी शेडवर आणायची, सहा पाइप चढवायचे, शर्यतीची सीट आणि पट्टे बसवायचे आणि गाडी ट्रकवर घालून न्यायची. परत आल्यावर ट्रकवरून थेट शेडमध्ये उतरवून पाइप सोडायचे, नेहमीची सीट लावायची आणि मगच रस्त्याला लागायचे. सहा पाइप शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेले असत. वर खडूने 'सई' लिहिलेले. तिने हे दोनदा नेमाने केले.

जानेवारीत ती कामासाठी काही दिवस पुण्याला गेली होती. त्याआधी ट्रॅकवर जाऊन आलेली गाडी वेळेअभावी, सहा पाइप तसेच ठेवून, ट्रकवरूनच घरी उतरवली होती. माणिकरावांनी ती पूर्ण केजसह पाहिली. पाइप पुन्हा निघू नयेत म्हणून त्यांनी एका वेल्डरला घरी बोलावले आणि बाराही सांधे वेल्ड करून घेतले. बोल्टांची डोकी वितळवून बुजवली. सई परत आल्यावर बापलेकीचे भांडण झाले. तात्या म्हणाले, हे राहणार. तिने वाद सोडला आणि हेल्मेट घालून कामावर जाऊ लागली. नऊ दिवस. दहाव्या दिवसापासून हेल्मेट घरी राहिले. हे तिनेच मला नंतर सांगितले.

त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती शेडवर आली, कारण सीट कुरकुरत होती. मी ट्रॉल्यांच्या रिफ्लेक्टरच्या बातमीसाठी तिथे बसलो होतो. मिस्त्रींनी दार उघडले, वाकले आणि एका सांध्यावरून अंगठा फिरवला.

"हे कुणी केलं?"

"तात्यांनी करून घेतलं."

"हेल्मेट कुठं हाय?"

तिने सीट दाबून कुरकुर ऐकवली.

"सई, हेल्मेट कुठं हाय?"

"घरी."

त्यांनी बॅटरीची तार काढली. पोती भिजवून सीटवर आणि काचेवर टाकली. ग्राइंडरला नवीन चकती लावली. हे सगळे रोजच्या वेगाने केले, घाई नव्हती.

"चाचा, तात्या काय म्हणतील?"

मिस्त्रींनी डोळ्यांवर चष्मा चढवला. "तात्या माझ्या उजव्या बाजूला हायेत," ते म्हणाले आणि बटण दाबले.

सई हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. ती शेडच्या दारात उभी राहिली. काम पाऊण तास चालले. सहावा पाइप बाहेर आल्यावर मिस्त्रींनी मागच्या कमानीवर टकटक केली, ती शाबूत असल्याची खात्री केली आणि पाणी प्यायले. कुरकुरणारी शर्यतीची सीट काढून नेहमीची लावून दिली.

गाडी मात्र सईने नेली नाही. ती म्हणाली, तात्या हे पुन्हा जोडून घेतील, त्यापेक्षा गाडी इथेच राहू द्या. ती एसटीने घरी गेली.

माणिकराव दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सोबत दोन माणसे होती, ती गेटबाहेर थांबली. बोलणे शेडमध्ये झाले.

"मिस्त्री, कुणाला विचारून कापलं?"

"कुणाला बी न्हाय."

"माझ्या मालाला हात लावला तुमी."

"लावला."

"शुक्रवारपत्तुर होतं तसं जोडून द्या आन् चूक झाली म्हना. विषय संपला."

"पाइप मागा, पाइप देतो. हितंच पडल्यात सहा. चूक मागू नका, ती माझ्याकडं न्हाय."

"तुमाला म्हाईत हाय माझं पोरगं कसं गेलं."

"म्हाईत हाय माणिकराव. म्हणूनच कापलं."

माणिकराव निघून गेले. शनिवारी त्यांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. सोमवारी हवालदार जबाब घ्यायला शेडवर आले. मिस्त्रींनी जबाब स्वतः सांगितला आणि तो दोन वाक्यांचा होता: पाइप मी कापले. पुन्हा जोडून आणले तर पुन्हा कापीन. हवालदार म्हणाले, "मिस्त्री, दुसरं वाक्य कशाला? पहिल्यात भागतंय." मिस्त्री म्हणाले, "पहिलं एकटं बरं दिसत न्हाय. लिवा." हवालदारांनी लिहिले.

मी बातमी दिली. ती आतल्या पानावर चार ओळींची आली. पाइप 'कथितरीत्या' कापल्याची तक्रार, असे मी लिहिले होते. सकाळी सातला मिस्त्रींचा फोन आला. "पत्रकार, 'कथित' कशाला? तुमी तर समोर बसला हुता. चहा बी पिला."

मी सांगितले की तशी पद्धत असते.

"पद्धत बदला. मी कापलंय. माझं नाव नीट घाला."

त्याच आठवड्यात शेडवर येणाऱ्या ट्रॉल्या थांबल्या. कोणी तसे सांगितले, याचा पुरावा मला मिळाला नाही. विचारले तेव्हा ट्रॉलीमालक म्हणाले की सध्या दुरुस्ती निघाली नाही. हंगाम भरात होता. एरवी त्या दिवसांत शेडसमोर ट्रॉल्यांची रांग लागे. जुबेदाभाभींनी एकदा माझ्यासमोर विषय काढला. "एक शब्द बोलला असता तर? चुकलं, एवढाच."

"तो शब्द बोललो की पाइप परत चढतोय," मिस्त्री म्हणाले. "मंग पोरीच्या डोक्याशी त्याची गाठ. तू सांग, बोलू?"

भाभी म्हणाल्या, "मी काय म्हणाले? जेवायला बसा."

साडेतीन आठवडे गाडी शेडमध्ये उभी होती आणि सई एसटीने ये-जा करत होती. घरी बापलेकीत बोलणे बंद होते. एका रविवारी सकाळी माणिकराव एकटे आले. गाडी ओढून न्यायला टेम्पो मागे येत होता. मिस्त्रींनी मला फोन करून बोलावून घेतले होते. सई आधीच तिथे होती.

"गाडी न्यायला आलोय," माणिकराव म्हणाले.

"न्या. तुमच्या घरची हाय. टेम्पो येईस्तवर एकदा आत बसा."

"कशाला?"

"बसा तरी. दुसऱ्यांना टोपी मला द्यावी लागती. तुमची तुमच्याकडं हाय."

मिस्त्रींनी कापलेले पाइप क्लॅम्प लावून जागच्या जागी आवळले होते आणि गेरू फासून ठेवला होता. माणिकरावांनी एका पाइपाला बोट लावून गेरू पाहिला. मग सईकडे न बघता गाडीत बसले. तिने वाकून त्यांचा पट्टा लावला. गाडी उतारावरून सुटली, माणूस चालतो तेवढ्या वेगाने, आणि टायरांवर टेकली. आवाज फारसा झाला नाही.

माणिकराव लगेच उतरले नाहीत. आतच टोपी काढून त्यांनी हातात धरली. डाग उजव्या कानशिलाच्या वर होता. मिस्त्रींच्या डोक्यावरची पांढरी रेघ जिथे होती, साधारण तिथेच. त्यांनी आधी टोपीकडे पाहिले, मग मिस्त्रींच्या डोक्याकडे.

"एवढ्याशा धक्क्यात?"

"एवढ्याशा. असा धक्का इंदापूर रस्त्यावर कवा बी बसतोय. म्हागनं कुणीतरी टेकतं, गतिरोधक दिसत न्हाय, कुत्रं आडवं येतं. गाडी उलटणं आयुष्यात एखाद्यालाच."

"आन् उलटली तर?"

मिस्त्रींनी मागच्या कमानीवर टकटक केली. "टपाचा भार ही घेती. पट्टा लावलेला पायजे."

"समोरनं कुणी आलं तर?"

"तवा पुढच्या पाइपांचा उपेग हाय. खोटं बोलत न्हाय. पण हेल्मेट, सीट, पट्टे, सगळं असलं तर. नुसत्या पाइपांचा न्हाय."

माणिकरावांनी टोपी मांडीवर ठेवली. नंतर विचारले, "त्याच्या जीपला ही कमान असती तर?"

मिस्त्रींनी डावा कान त्यांच्याकडे केला, प्रश्न पुन्हा ऐकायचा असावा तसा. मिस्त्री म्हणाले, "त्यानं पट्टा लावला हुता का?"

माणिकरावांनी पट्ट्याचे बकल सोडले.

"मंग मला सांगता येत न्हाय," मिस्त्री म्हणाले. "सांगता आलं असतं तर सांगितलं असतं."

टेम्पो गेटवर येऊन थांबला होता. माणिकराव उतरले, चालत गेटपर्यंत गेले आणि टेम्पोवाल्याला परत पाठवले. मग आपल्या गाडीत बसून निघून गेले. टोपी सीटवर राहिली होती. सई म्हणाली, "तात्यांना उघड्या डोक्याने बाहेर पडताना मी पहिल्यांदा पाहिलं."

दोघांपैकी कोणी कोणाची माफी मागितली नाही. पोलीस ठाण्यातला अर्ज मागे घेतला गेला नाही, त्यावर पुढे कारवाईही झाली नाही. ट्रॉल्या त्या हंगामात परतल्या नाहीत. पुढच्या हंगामात आल्या. मिस्त्रींनी कापलेले पाइप भंगारात टाकले. कापलेला पाइप ते पुन्हा जोडत नसत. सहा नवे वाकवले, सांधे नव्याने केले. जुबेदाभाभींनी माणिकरावांची टोपी धुतली. गेरू निघाला नाही. त्यांनी ती सईबरोबर घरी पाठवायची म्हणून इस्त्री करून ठेवली. मिस्त्रींनी ती शेडमधल्या खिळ्याला अडकवली. ती परत न्यायला कोणी आले नाही.

मिस्त्री गेल्या सप्टेंबरात वारले. सकाळी छातीत दुखू लागले, दवाखान्यात पोहोचेपर्यंत प्राण गेला होता. दफन अंथुर्ण्यात झाले. माणिकराव आले होते आणि शेवटपर्यंत थांबले. डोक्यावर टोपी होती, दुसरी.

डिसेंबरात सई ट्रॅकवर जाऊन आली. गाडी ट्रकवरून शेडमध्ये उतरवली गेली. शेड तेव्हा बंद होती. किल्ली जुबेदाभाभींकडे होती. सईने एकोणीस नंबरचा पाना घेतला आणि काम सुरू केले. मी गाडीच्या डाव्या अंगाला, भाभी उजव्या अंगाला उभ्या होत्या. चोवीस बोल्ट निघायला सव्वा तास लागला. बोल्ट तिने मोजून डब्यात टाकले, नेहमीची सीट लावली, पाइप भिंतीला टेकवले. भिंतीवरचे खडूचे नाव पुसट झाले होते, ते तिने पुन्हा लिहिले. ती आत बसली, पट्टा लावला. भाभींनी खिडकीतून हात घालून दोन बोटांनी मागच्या कमानीवर टकटक केली आणि मग तिच्या डोक्यावर.

दोन वाजून दहा मिनिटांनी गाडी इंदापूर रस्त्याला लागली. पुढचे सहा पाइप शेडमध्ये होते.